पावसाचं पाणी आणि तांबूस धूर

"पाणी कुठलं घातलंस रं?"

मामांचा आवाज चढला नव्हता. पण त्यांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला, त्यावरून काहीतरी बिघडलंय हे मला कळलं. माझ्यापुढच्या बीकरमध्ये तळाशी सोनं होतं, वर नितळ निळं पाणी होतं, आणि सोनं धुवायला म्हणून मी तांब्याभर पाणी ओतल्याबरोबर ते सगळं ताकासारखं पांढरंफटक झालं होतं.

"नळाचं," मी म्हणालो.

"नळाच्या पाण्यात औषध असतंय, क्षार असत्यात. आता चांदीचं मीठ झालं बघ त्या पाण्यानं." आणि त्यांनी वर, गच्चीकडे बोट केलं.

गच्चीवर पत्र्याच्या पन्हाळीखाली मामीनं तीन पिंपं मांडली होती. आठवडाभर मी ती बघत होतो. त्रिशूरमध्ये एवढा पाऊस पडतो, घरात नळ आहे, मग हे पाणी साठवायचं कशाला, असं मला वाटायचं. विचारलं मात्र कधी नाही. ती पिंपं दुकानासाठी होती.

ही १९९५ च्या जुलैमधली गोष्ट. मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात यायला तेव्हा बरीच वर्षं बाकी होती. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या कोरड्या पट्ट्यातल्या माणसांनी पोटासाठी जी वाट धरली ती गलाईची. जुनं सोनं-चांदी आटवायचं, त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध धातूची लगड करून सोनाराच्या हाती द्यायची. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारामागच्या गल्लीत शिरलात तर आमच्या विट्याकडची बोली कानावर पडते ती यामुळे. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, काम वाढलं, दुकानांना हात कमी पडू लागले. मी बारावी शास्त्र पास झालो होतो आणि पुढं शिकवायला घरात पैसा नव्हता. मामांनी पत्र पाठवलं, मी मिरजेला गाडीत बसलो.

धातू आणि आम्लं हा विषय मला येतो, असं मी धरून चाललो होतो. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, शिसं, मग हायड्रोजन, त्याखाली तांबं, पारा, चांदी, सोनं. ही क्रियाशीलतेची माळ मला झोपेत विचारली तरी सांगता आली असती. हायड्रोजनच्या वरचे धातू आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतात, खालचे काढत नाहीत. प्रात्यक्षिकाला आम्ही जस्ताचा तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचो, बुडबुडे यायचे, परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की फट्‌ असा आवाज व्हायचा. दुकानात आल्यावर पहिल्याच दिवशी ध्यानात आलं की इथलं सगळं काम हायड्रोजनच्या खालच्या धातूंवर चालतं. तांबं, चांदी, सोनं. माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत ज्यांच्यापुढं 'अभिक्रिया होत नाही' असं लिहिलेलं होतं, तेच सगळे.

दुकानात आम्लाला तेजाब म्हणतात, आणि नुसतं तेजाब म्हटलं की ते नायट्रिक. बाकीच्यांना त्यांची नावं लावावी लागतात.

त्या दिवशी माझ्यापुढं होता तो मी एकट्यानं केलेला पहिला माल. एका सोनारानं १०० ग्रॅम जुने डाग आणून दिले होते: तुटक्या साखळ्या, कुड्या, बांगड्यांचे तुकडे. ते टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घालून मुशीत एकजीव आटवले. कसोटीच्या काळ्या दगडावर त्याची रेघ ओढली, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सुईची रेघ ओढली आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. पितळेची रेघ असेल तर हिरवट होऊन लगेच विरते. हलक्या सोन्याची फिकी पडते. चांगल्या सोन्याची तशीच राहते. मामा दोन रेघांकडे डोळे बारीक करून बघायचे आणि टंच, म्हणजे शंभरात सोनं किती, ते सांगायचे. त्यांनी ९० सांगितला. म्हणजे शेवटी माझ्या हातात ९० ग्रॅम सोनं यायला हवं.

आता इथं नव्या माणसाला न पटणारी गोष्ट करावी लागते. सोनं शुद्ध करायचंय, आणि त्यासाठी त्यात आधी ढीगभर चांदी मिसळायची. ९० ग्रॅम सोन्याला २६० ग्रॅम चांदी. सगळ्या मिश्रणात सोनं चौथा हिस्सा राहिलं पाहिजे, हा हिशेब.

का, ते मी महिन्याभरापूर्वी शिकलो होतो. मामा बाहेर गेले असताना चांदी वाचवावी म्हणून मी निम्मं सोनं आणि निम्मी चांदी असा छोटा पत्रा करून तेजाबात टाकला. थोडा वेळ बुडबुडे आले आणि काम थांबलं. तासभर उकळलं तरी पत्रा जसाच्या तसा. पृष्ठभागावरची चांदी निघून गेली होती आणि आत उरलेल्या चांदीभोवती सोन्यानं कडं केलं होतं. तेजाब सोन्याला हात लावत नाही, त्यामुळे त्याला आत शिरायला वाट नव्हती. चांदी तिप्पट असली की तिचे कण एकमेकांना लागून असतात, एक विरघळला की पुढच्याकडे जायला रस्ता होतो, आणि तेजाब गाभ्यापर्यंत पोचतं. चांदी त्याहून फार जास्त झाली तर सोनं इतकं बारीक होतं की धुताना वाहून जायची भीती. चौथा हिस्सा हे प्रमाण कुणी पहिल्यांदा काढलं असेल त्याच्या हाताला मी मनोमन नमस्कार करतो.

तर चांदी घालून माल पुन्हा आटवला आणि बारीक धारेनं पाण्याच्या बादलीत ओतून त्याचे दाणे पाडले. लाह्यांसारखे वाकडेतिकडे, पोकळ दाणे. ते बीकरमध्ये घेतले, त्यावर निम्मं पाणी आणि निम्मं तेजाब असं मिश्रण थोडं थोडं घातलं आणि बीकर वाळूच्या तव्यावर ठेवला.

पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. मग दाण्यांच्या कडांवर मोहरीएवढे बुडबुडे दिसतात. मग एकदम सगळा बीकर जागा होतो. द्रावण हिरवट, मग निळं होऊ लागतं. तो निळा रंग मालातल्या तांब्याचा. चांदी विरघळते तेव्हा पाण्याला रंग देत नाही. अडीचशे ग्रॅम चांदी डोळ्यांदेखत पाण्यात जाते आणि तिची खूण म्हणून काहीच दिसत नाही. आणि बीकरच्या वर तांबूस, गंजलेल्या विटेच्या रंगाचा धूर चढायला लागतो.

तो धूर बघूनच मला शाळेतलं 'अभिक्रिया होत नाही' हे वाक्य अर्धवट होतं हे कळलं. हायड्रोक्लोरिक किंवा विरल सल्फ्युरिक आम्लात धातूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेणारा असतो तो हायड्रोजन आयन. जस्त आणि लोखंड त्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. तांबं आणि चांदी देत नाहीत, त्याची तेवढी ओढ नसते. नायट्रिकमध्ये ओढणारा दुसराच असतो, नायट्रेट. त्याची ओढ हायड्रोजनपेक्षा पुष्कळ जास्त, म्हणून तांबं आणि चांदी दोघंही त्याच्यापुढं हरतात. आणि इलेक्ट्रॉन नायट्रेटला मिळाले असल्यामुळे बाहेर हायड्रोजन येत नाही, नायट्रोजनचे ऑक्साइड येतात. विरल आम्लातून निघतो तो नायट्रिक ऑक्साइड खरं तर बिनरंगी असतो. बीकरच्या तोंडाशी त्याला हवा लागली की नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि धुराला तो रंग येतो. नीट बघितलं तर द्रावणाच्या लगत वर बोटभर जागा स्वच्छ दिसते आणि धूर त्याच्या वरून सुरू होतो. मी तासन्‌तास ते बघत बसायचो. तसं बसायला नको होतं, पण त्याबद्दल पुढं.

धूर निवला की निळं पाणी वेगळ्या बरणीत ओतून घ्यायचं, उरलेल्यावर थोडं कडक तेजाब घालून पुन्हा उकळायचं, म्हणजे आत दडलेली चांदीही सुटते. तळाशी उरतं ते सोनं. पण ते पिवळं नसतं. भिजवलेल्या नाचणीच्या पिठासारखं तपकिरी, निस्तेज. आपण काहीतरी चुकलो, सोनं जळालं, असंच नवख्या माणसाला वाटतं. कण फार बारीक आणि सच्छिद्र असल्यामुळे त्यावरून उजेड नीट परतत नाही, एवढंच त्याचं कारण. तापवलं की पिवळं होतं.

आणि हे तपकिरी सोनं धुताना मी नळाचं पाणी ओतलं.

सोन्याच्या छिद्रांत चांदीचं नायट्रेट शिल्लक होतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडशी त्याची गाठ पडली आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका झाला. तो ना पाण्यात विरघळतो, ना तेजाबात. सोन्याच्या कणांत मिसळून बसतो. मामांनी ते पांढरं पाणी फेकू दिलं नाही. साका खाली बसू दिला, पावसाच्या पाण्यानं धुतला, मग त्यात अमोनिया घातला. अमोनियात सिल्व्हर क्लोराइड विरघळतं, सोनं तसंच राहतं. ते अमोनियाचं पाणी त्यांनी लगेच गाळून घेतलं आणि तिथल्या तिथं त्यात आम्ल घातलं. "हे पाणी रात्रभर ठेवायचं न्हाय. सुकलं तर स्फोट हुतोय," एवढंच ते म्हणाले. हे अगदी खरं आहे. अमोनियातलं चांदीचं द्रावण साठवलं तर त्यात धक्क्यानं फुटणारं संयुग तयार होतं. आम्ल घातल्यावर साका पुन्हा पांढरा खाली बसला. त्यावर विरल गंधकाचं तेजाब, म्हणजे सल्फ्युरिक, आणि जस्ताचे तुकडे टाकले. जस्त विरघळत गेलं, आणि पांढऱ्या साक्याची करडी चांदी झाली. ते बघताना मला माझी वही आठवली. हाच जस्ताचा तुकडा, हेच बुडबुडे. पण इथं त्यांचा कुणाला तरी उपयोग होता.

सोनं मग गरम पावसाच्या पाण्यानं सात-आठ वेळा धुतलं. धुवण बाजूला घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. ढग उठला तर चांदी अजून आहे, नितळ राहिलं तर धुणं पुरं. ज्या मिठानं घोटाळा केला तेच मीठ इथं पंच म्हणून बसतं.

सोनं सुकवलं, टाकणखार आणि चिमूटभर सोरा घालून मुशीत आटवलं. १०६४ अंशांना सोनं वितळतं. ते वितळल्यावर मुशीत डोकावलं तर हिरवट झाक असलेला एक जिवंत गोळा फिरताना दिसतो. साच्यात ओतलं, लगड निघाली, तराजूवर ठेवली. ८९.२ ग्रॅम.

मामांनी टंच सांगितला होता ९०. मी गप्प उभा राहिलो. मामांनी मूस उचलली आणि तिच्या काठाला चिकटलेली टाकणखाराची हिरवी काच माझ्या पुढ्यात ठेवली. "फोड." खलबत्त्यात काच कुटली, पाण्यानं धुतली, आणि खाली चार-पाच पिवळे मणी चमकले. अर्धा ग्रॅम. उरलेलं थोडं मुशीच्या भिंतीत गेलं होतं. जुन्या मुशी आमच्याकडं कुणी टाकत नाही. वर्षाला त्या फोडून त्यांची माती धुतात, जसे झारेकरी सोनाराच्या दुकानातली झाडलोट धुतात. वहीत आकडा लागला: ८९.७.

चांदी राहिली होती. निळं पाणी एका मोठ्या मातीच्या कुंडीत घेऊन त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या. हे दृश्य मला आजही सगळ्यांत आवडतं. दहा मिनिटांत पट्टीवर करडी लव येते, तासाभरात तिचं शेवाळ होतं, सकाळपर्यंत कुंडीच्या तळाशी चांदीचा ओला ढीग असतो आणि पाणी गर्द निळं झालेलं असतं. तांबं स्वतः विरघळतं आणि चांदीला बाहेर काढतं. हिशेबही चोख असतो: १ किलो तांबं साधारण ३.४ किलो चांदी परत देतं. आमच्या त्या मालाला पाऊणशे-ऐंशी ग्रॅम तांबं लागलं. मग उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाचा भंगार टाकायचा. लोखंड विरघळतं आणि तांब्याचा लाल चिखल खाली बसतो. शेवटी उरलेल्या लोखंडाच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून त्याचं आम्ल मारायचं, मगच बाहेर काढायचं. सोन्यासाठी चांदी, चांदीसाठी तांबं, तांब्यासाठी लोखंड. शाळेत पाठ केलेली ती माळ मी पहिल्यांदा हातानं खालून वर चढलो ती या कुंडीपाशी.

त्यानंतर मला चैनच पडेना. रविवारी दुकान बंद असायचं. मामांची परवानगी काढून मी मागच्या अंगणात, उघड्यावर, मातीच्या पणत्या मांडल्या आणि हाताशी येईल तो धातू येईल त्या तेजाबात घालून बघायला लागलो. वायरीतली ॲल्युमिनियमची तार मिठाच्या तेजाबात, म्हणजे हायड्रोक्लोरिकमध्ये टाकली. काही क्षण शांत, मग अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा गेला आणि तार अशी उसळली की पणती हाताला भाजू लागली. तीच तार कडक नायट्रिकमध्ये टाकली, काही नाही. दिवसभर ठेवली, तरी काही नाही. नायट्रिक तिच्यावरचा पापुद्रा उलट पक्का करतं. म्हणूनच कडक नायट्रिकची वाहतूक ॲल्युमिनियमच्या टाक्यांतून होते. शिशाचा तुकडा गंधकाच्या विरल तेजाबात पांढरट झाला आणि थांबला. माळेत तो हायड्रोजनच्या वर आहे, विरघळायला हवा होता. पण होणारं लेड सल्फेट अविद्राव्य असतं, ते अंगावर बसतं आणि आतल्या शिशाला झाकतं. गाडीच्या बॅटरीतली शिशाची पत्रं सल्फ्युरिकमध्ये वर्षानुवर्षं टिकतात त्यातही याचा हात असतो. कथील कडक नायट्रिकमध्ये टाकलं तर भाताच्या पेजेसारखा पांढरा गाळ झाला. तो मी ओळखला. कथलाचा डाग लावून दुरुस्त केलेले दागिने आले की गाळणीत हाच गाळ अडकून आमचा अर्धा दिवस जायचा.

पण सगळ्यांत जास्त वेळ मी घालवला तो एका लोखंडी खिळ्याबरोबर. विरल नायट्रिकमध्ये खिळा टाकला तर धुराचे लोट उठले. कडक नायट्रिकमध्ये टाकला तर क्षणभर फेस आला आणि सगळं थांबलं. खिळा बाहेर काढला, हलकेच धुतला, मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात बुडवला. साधा खिळा मोरचुदात बुडवला की त्यावर तांब्याचा लाल थर येतो, हे कुणालाही माहीत असतं. यावर काहीच आलं नाही. तसाच राखाडी, चकचकीत. मग चिमट्यानं त्याला टोकाशी एक ओरखडा काढला. ओरखड्यापासून लाली सुरू झाली आणि बघता बघता सगळ्या खिळ्यावर पसरली. कडक तेजाबानं लोखंडावर डोळ्यांना न दिसणारं एक आवरण चढवलं होतं, आणि ते एका जागी फाटल्यावर लोखंड पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर आलं होतं. तो खिळा मी त्या दिवशी दहा-बारा वेळा केला. कडक आम्ल म्हणजे जास्त जोराची अभिक्रिया, असं मी तोवर समजत होतो. धातू आणि आम्ल यांच्या मध्ये जे तयार होतं ते विरघळून बाजूला होतं की तिथंच चिकटून बसतं, हे आधी विचारायला हवं, ही सवय मला त्या अंगणात लागली.

गावाकडे आजी कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवू द्यायची नाही, ताक कळकतं म्हणायची. तेही मला तिथंच उलगडलं. ताकातलं आम्ल एकटं तांब्याचं काही करू शकत नाही. हवेतला ऑक्सिजन त्याच्या मदतीला येतो, तांबं हळूहळू ताकात उतरतं आणि चव बिघडते. कथलाचा पातळ थर मध्ये आला की ते होत नाही. आजीचं ते एक वाक्य माझ्या बारावीच्या वहीपेक्षा पुढं होतं.

आम्लराज मी वर्षभरानं शिकलो. एक भाग नायट्रिक, तीन भाग हायड्रोक्लोरिक, आणि ते आयत्या वेळी करायचं. सोनं एकट्या नायट्रिकला दाद देत नाही, एकट्या हायड्रोक्लोरिकलाही नाही. नायट्रिक सोन्याचे कण किंचित ओढतं, पण ते पुन्हा परततात. क्लोराइड सोबत असलं की ते सुटलेल्या सोन्याला धरून ठेवतं आणि परत जाऊ देत नाही. ज्या मालात चांदी कमी असते त्यालाच ही पद्धत चालते. चांदी जास्त असली तर तेच पांढरं क्लोराइड दाण्यांवर बसून काम अडवतं. लगडीएवढं सोनं नारिंगी-पिवळ्या पाण्यात नाहीसं झालेलं पाहताना पोटात खड्डा पडतो, तो अजूनही पडतो. मग हिराकशीचं, म्हणजे फेरस सल्फेटचं, पाणी घालायचं, आणि तपकिरी भुकटी हळूहळू खाली उतरायला लागते तेव्हा श्वास सुटतो.

आता धुराबद्दल.

१९९८ चा ऑगस्ट. धो धो पाऊस, खिडक्या लावलेल्या, आणि मोठा चांदीचा माल आला होता. दुपारी वीज गेली, भिंतीतला पंखा थांबला. माल घाईचा होता. मामांनी तेजाब थोडं थोडं न घालता एकदम ओतलं. मी दुसऱ्या खोलीत होतो. आत आलो तेव्हा छतापासून कमरेपर्यंत सगळं तांबूस होतं आणि मामा त्यात उभे राहून बीकर खाली उतरवत होते. बाहेर आल्यावर चार-पाच वेळा खोकले. गूळ खाल्ला, दूध प्यायले. गलाईवाल्यांचा तोच उपाय असतो. तासाभरात त्यांना बरं वाटलं. रात्री नीट जेवले. आम्ही सगळे निश्चिंत झोपलो.

रात्री दोनला मामीनं मला हाक मारली. मामांना श्वास लागत नव्हता, ओठ निळे पडले होते आणि छातीत पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज येत होता. रिक्षातून दवाखान्यात नेलं. आठ दिवस ऑक्सिजनवर होते.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते मी गलाईच्या प्रत्येक पोराला सांगत आलोय. मिठाच्या तेजाबाची वाफ पाण्यात झटकन विरघळते, म्हणून ती नाकात आणि घशात लगेच झोंबते आणि माणूस पळ काढतो. नायट्रिकचा तांबूस धूर पाण्यात सावकाश विरघळतो. नाकाला, घशाला तो फारसा झोंबत नाही, म्हणून माणूस त्यात उभा राहतो. आणि धूर खाली फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. तिथल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. मधले काही तास काहीच जाणवत नाही, मग फुप्फुसात पाणी भरायला लागतं. बरं वाटतंय म्हणून घरी झोपलेला माणूस रात्रीत जाऊ शकतो. धूर नाकातोंडात गेला असेल तर खोकला थांबला म्हणून थांबायचं नाही, त्याच वेळी दवाखान्यात जायचं आणि कशाचा धूर होता ते सांगायचं. गूळ आणि दूध यांचा त्यावर काही उपयोग नाही. आमच्या भागातली किती माणसं चाळिशीत दमेकरी होऊन गावी परतली, त्यांच्या घरच्यांना 'परमुलखाची हवा सोसली नाही' असं वाटत राहिलं. हे आठवलं की मला आजही राग येतो आणि रडूही येतं.

मामा दवाखान्यात असतानाच मी काम सुरू केलं. लोखंडाची नळी या धुरात टिकत नाही, म्हणून पीव्हीसीची आणली. वाळूच्या तव्यावर तीन बाजूंनी बंद काचेची पेटी केली, वर प्लास्टिकचा पंखा बसवला, आणि धूर थेट गल्लीत न सोडता कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं भरलेल्या बरणीतून घुसळून बाहेर काढायची सोय केली. भिंतीवर दोन ओळी लिहिल्या: वीज नसेल तर तेजाब चढवायचं नाही, तेजाब एकदम ओतायचं नाही.

तीन आठवड्यांनी मामा पहिल्यांदा दुकानात आले. खुर्ची बाहेर ओट्यावर टाकून बसले. मी ५० ग्रॅम चांदीचा माल चढवला. त्यांनी निळ्या लिटमसचा कागद पावसाच्या पाण्यात ओला केला आणि नळीच्या बाहेरच्या तोंडाशी धरला. मिनिटभरात तो लाल झाला.

"अजून येतोय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुसरी बरणी जोडली. कागद उशिरा, पण लाल झालाच. तिसरी जोडली, सोड्याचं पाणी ताजं केलं, पंखा थोडा मंद केला, म्हणजे धुराला पाण्यात जास्त वेळ मिळेल. मामा कागद धरून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत बीकरमधला फेस निवत आला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन उजेडात धरला, उलटा करून पाहिला, आणि माझ्या हातात दिला. निळाच होता.

"आता आतला माल उतरव," ते म्हणाले, "आणि धुवायला वरचं पाणी घे."